आगाऊ बटणांचा बंदोबस्त: कीबोर्डवरची बटणं हवी तशी बदलून घेण्याची रीत

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे सुरू झाले की अडत दुकानातल्या संगणकावर दिवसभर आकडेच आकडे. दिवाणजी पट्टीत ४७५० टाकायला जातात आणि स्क्रीनवर काहीच उमटत नाही. उजवीकडच्या आकड्यांच्या पॅडवर ७ च्या डोक्यावर बसलेलं नम लॉक बोटाचा धक्का लागून बंद झालेलं असतं. मग ४ म्हणजे डावा बाण, ७ म्हणजे होम, ५ म्हणजे काहीच नाही आणि शेवटचा ० म्हणजे इन्सर्ट. इन्सर्ट लागलं की पुढं टाइप केलेलं अक्षर आधीच्या अक्षरावर चढून ते खातं. धक्का एक, घोटाळे दोन. आणि दुसरा घोटाळा लक्षात येईपर्यंत अर्धी पट्टी खराब झालेली असते.

प्रत्येक कीबोर्डवर अशी दोन-चार आगाऊ बटणं असतातच. ए च्या शेजारचं कॅप्स लॉक, स्वस्त कीबोर्डवर डिलीटच्या आसपास बसवलेलं पॉवर आणि स्लीप, लॅपटॉपवर बॅकस्पेसला चिकटलेलं पॉवर बटण, नव्या लॅपटॉपवर उजव्या कंट्रोलच्या जागी आलेलं को-पायलट, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एआय मदतनीसाचं बटण. ही सगळी फुकटात गप्प करता येतात किंवा कामाला लावता येतात. मात्र सॉफ्टवेअर उतरवून घेण्याची घाई करू नका. निम्म्या तक्रारी विंडोजच्या सेटिंगमध्येच मिटतात, काहींना बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये जावं लागतं, आणि उरलेल्यांनाच खरं मॅपिंग, म्हणजे एका बटणाला दुसऱ्याचं काम नेमून देणं लागतं. चुकीच्या ठिकाणी इलाज केला तर बटण बदलतं, दुखणं तसंच राहतं.

दुखणं कुठं आहे ते आधी बघा

कंट्रोल, विंडोज आणि ओ ही तीन बटणं एकदम दाबा. स्क्रीनवर कीबोर्डचं चित्र येतं. आता खऱ्या कीबोर्डवरचं एकेक बटण दाबत जा. दाबलेलं बटण चित्रात उजळतं. मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठी ठरलेली बटणांची मांडणी) चालू असेल तर चित्रात मराठी अक्षरंही दिसतात, त्यामुळं नेमकं कोणतं अक्षर गेलंय ते लगेच कळतं.

बटण नीट उजळतंय, फक्त ते तुम्हाला नकोय, तर मॅपिंगनं काम होईल. हात न लावता उजळून राहिलंय, तर ते अडकलंय. कितीही दाबलं तरी उजळत नाही, तर ते मेलंय किंवा त्याच्याखाली घाण आहे. एफएन मात्र कधीच उजळत नाही आणि त्यात बिघाड काही नाही: ते बटण कीबोर्डच्या आतल्या चिपलाच कळतं, विंडोजपर्यंत त्याची खबर जातच नाही. म्हणूनच मॅपिंगच्या सॉफ्टवेअरनं एफएन बदलता येत नाही. काही लॅपटॉपच्या, विशेषतः थिंकपॅडच्या बायोसमध्ये एफएन आणि कंट्रोल यांची अदलाबदल करायची सोय असते.

अडकलेल्या आणि मेलेल्या बटणांना आधी साफसफाई. हळदीच्या पेठेत बसलेल्या कीबोर्डच्या पोटात पिवळी पूड, आणि पाटण-महाबळेश्वरच्या पावसाळ्यात दमट हवेनं चिकट झालेली बटणं, या दोन्हींचा उपाय वेगळा. पुडीसाठी मशीन बंद करून, केबल काढून कीबोर्ड उलटा धरा, पाठीवर थापट्या मारा, मग मऊ ब्रश आणि ब्लोअर. चिकटपणासाठी बटणाची टोपी अलगद उचलून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेला कापूस काडीवर घेऊन फिरवा आणि पूर्ण सुकू द्या. शिलाई मशीनचं तेल अजिबात नको. दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी त्याच तेलात धूळ बसून चिखल होतो.

सेटिंगमध्येच सुटणाऱ्या तक्रारी

मराठी टाइप करणाऱ्याला सगळ्यात जास्त छळणारं बटण कॅप्स लॉक नाही, शिफ्ट आहे. इनस्क्रिप्टवर ‘कराड’ लिहायला शिफ्ट एकदाही लागत नाही: के, जे, ई आणि चौकटी कंसाचं बटण. पण ‘शिराळा’ लिहून बघा. श साठी शिफ्ट आणि एम, ि साठी एफ, र साठी जे, ा साठी ई, ळ साठी शिफ्ट आणि एन, परत ई. सहा ठोक्यांत दोनदा शिफ्ट. ‘फलटण’मध्ये चार ठोक्यांत दोनदा, फ साठी आणि ण साठी. ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ, शिवाय ण, ळ, श, ष आणि अ, आ, इ, ई हे सुटे स्वर, सगळे शिफ्टच्या ताब्यात. ‘दुसऱ्या’मधला तो अर्धा र सुद्धा शिफ्ट आणि जे दाबून, मग डी, मग य चं बटण, असाच येतो.

आता होतं असं की पुढचं अक्षर आठवेपर्यंत बोट शिफ्टवर उगाच वाजत राहतं. मध्ये दुसरं बटण न दाबता शिफ्ट पाचदा वाजलं की स्टिकी कीजची खिडकी उघडते. चुकून ‘येस’ झालं तर शिफ्ट आपोआप धरून ठेवल्यासारखं वागायला लागतं. उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं तर फिल्टर कीजची तशीच खिडकी येते, आणि तिथं ‘येस’ झालं की भराभर टाइप केलेली अक्षरं उमटतच नाहीत. कीबोर्ड गेला म्हणून दुकानात आणलेल्या लॅपटॉपमध्ये हे निघालं, तर दुरुस्ती एका मिनिटाची.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, कीबोर्ड असं जा. स्टिकी कीज, फिल्टर कीज आणि टॉगल कीज या तिघांच्या आत ‘कीबोर्ड शॉर्टकट’ असं स्विच असतं. तिन्ही बंद करा. विंडोज १० मध्ये हेच ‘ईज ऑफ ॲक्सेस’मध्ये सापडतं. लक्षात घ्या, नुसतं स्टिकी कीज बंद करून भागत नाही. ते चालू करणारा शॉर्टकट बंद करायचाय.

दुसरी तक्रार: लिहिता लिहिता मराठीचं अचानक इंग्रजी होतं. डावं आल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबलं गेलं की विंडोज भाषा बदलतं. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, तिथं खाली ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’. उघडणाऱ्या जुन्या धाटणीच्या खिडकीत ‘चेंज की सिक्वेन्स’ दाबा आणि दोन्ही रकान्यांत ‘नॉट असाइन्ड’ निवडा. भाषा बदलायला विंडोज आणि स्पेस राहतंच, आणि ते चुकून दाबलं जाणं अवघड.

तिसरी, हिशेब करणाऱ्यांची. टॅलीत एफ ५ दाबून पेमेंट व्हाउचर उघडायला जावं आणि स्क्रीनचा उजेड कमी व्हावा किंवा माइक बंद व्हावा. एफ ६ रिसीट, एफ ७ जर्नल, एफ ८ सेल्स, एफ ९ परचेस, सगळ्यांची तीच गत. इथं मॅपिंगच्या वाट्याला जाऊ नका. आधी एफएन आणि एस्केप एकत्र दाबून बघा. बऱ्याच डेल आणि लेनोवो लॅपटॉपवर एस्केपवर छोटं कुलूप छापलेलं असतं, तिथं एवढ्यानंच एफ बटणं मूळ कामाला लागतात. नाही झालं तर बायोस. एचपीत मशीन चालू होताना एफ १० दाबून ‘ॲक्शन कीज मोड’ बंद करा. लेनोवोत एफ १ किंवा एफ २ दाबून ‘हॉटकी मोड’ बंद. डेलमध्ये एफ २ दाबून फंक्शन कीचं वर्तन बदला. सेव्ह करून बाहेर या.

पॉवर बटणासाठी कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ उघडा आणि पॉवर व स्लीप दोन्हींपुढं ‘डू नथिंग’ ठेवा. बॅटरीवर आणि चार्जरवर असे दोन रकाने असतात, दोन्ही भरा. याचा एक परिणाम: डेस्कटॉपच्या कॅबिनेटवरचं मोठं बटणही हलकं दाबून काही करणार नाही. अडीअडचणीला दाबून धरलं की मशीन बंद होतं, तेवढं दुकानातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

पॉवरटॉईज: रोजच्या कामाला पुरेसं

एवढं करूनही उरलेलं बटण बदलायचं असेल तर मायक्रोसॉफ्टचंच फुकट मिळणारं पॉवरटॉईज घ्या. मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर मिळतं. विंडोज ११ किंवा विंडोज १० ची २००४ क्रमांकाची किंवा त्यानंतरची आवृत्ती लागते. त्यात ढीगभर इतर सोयी आहेत, त्या नको असतील तर बंद ठेवा. आपल्याला फक्त ‘कीबोर्ड मॅनेजर’ हवाय.

१. सुरुवातीला टास्कबारवर भाषा इंग्रजीवर आणा. पॉवरटॉईज बटणांची नावं चालू असलेल्या मांडणीप्रमाणं दाखवतं. मराठी चालू असताना यादीत नेमकं बटण शोधणं वैताग.

२. कीबोर्ड मॅनेजर चालू करा आणि ‘रिमॅप अ की’ उघडा. ‘ॲड की रिमॅपिंग’ किंवा अधिकचं चिन्ह दाबा.

३. डाव्या रकान्यात त्रास देणारं बटण, उजव्या रकान्यात त्याच्याकडून करून घ्यायचं काम. डावीकडं ‘सिलेक्ट’ दाबून खरं बटण दाबलं तरी चालतं. उजवीकडं यादीतून निवडा. बटण मुकंच करायचं असेल तर यादीत ‘डिसेबल’ आहे.

४. ‘ओके’. एखाद्या बटणाचं मूळ काम आता कुठंच उरलं नसेल तर ते तशी सूचना देतं. कॅप्स लॉक मुद्दामच घालवत असाल तर पुढं जा. पण ए आणि बी यांची अदलाबदल करताना ही सूचना आली, तर एकच ओळ लिहिलीत असं समजा. अदलाबदलीला दोन ओळी लागतात, ए चं बी आणि बी चं ए.

रीस्टार्ट लागत नाही, लगेच चालू होतं. शब्दरचना आवृत्तीप्रमाणं थोडी इकडंतिकडं होते, क्रम हाच.

‘रिमॅप अ शॉर्टकट’ हा भाग जास्त कामाचा, आणि लोक तो उघडतच नाहीत. सेवा केंद्रात उत्पन्नाच्या दाखल्याचा लांबलचक अर्ज भरताना कंट्रोल आणि एस दाबायला जावं, बोट वरच्या डब्ल्यूवर पडावं आणि अख्खा टॅब बंद व्हावा, हे ज्यानं भोगलंय त्यानं कंट्रोल-डब्ल्यू फक्त ब्राउझरपुरतं बंद करावं. डावीकडं कंट्रोल आणि डब्ल्यू, उजवीकडं ‘डिसेबल’, आणि ॲपच्या रकान्यात ब्राउझरचं प्रोसेस नाव इंग्रजी छोट्या अक्षरांत. हे नाव टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’मध्ये दिसतं. एजसाठी तिथं ‘एमएसएज’ असं जोडून लिहिलेलं असतं, नुसतं ‘एज’ लिहिलं तर काही होत नाही. बंद झालेला टॅब कंट्रोल, शिफ्ट, टी दाबून परत येतो खरा, पण भरलेली माहिती परत येईलच असं नाही.

को-पायलट बटणाचा इलाजही इथंच. ते एक बटण दिसत असलं तरी विंडोजला तीन बटणं एकत्र दाबल्याची खबर देतं: विंडोज, डावं शिफ्ट आणि एफ २३. म्हणून ते एका बटणाच्या यादीत सापडत नाही. शॉर्टकटच्या यादीत ही तिघं डावीकडं ठेवा आणि उजवीकडं उजवं कंट्रोल.

पॉवरटॉईजच्या मर्यादा त्याच्या स्वभावातच आहेत. लॉगिन झाल्यावर पाठीमागं चालणारा तो एक प्रोग्रॅम आहे, त्यामुळं पासवर्डच्या स्क्रीनवर तो नसतो. एखादं सॉफ्टवेअर ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून उघडलं असेल तर त्या खिडकीत बदल लागू होत नाहीत; ते हवे असतील तर पॉवरटॉईजलाही ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवावं लागतं. ‘बाकी सगळीकडं चालतंय, एका सॉफ्टवेअरमध्येच चालत नाही’ या तक्रारीत पहिल्यांदा हेच तपासा. कंट्रोल-आल्ट-डिलीट आणि विंडोज-एल या दोन जोड्या मात्र बदलता येत नाहीत. विंडोज त्या स्वतःच्या हातात ठेवतं.

शार्पकीज: खोलवरचा आणि कायमचा बदल

बटण मेलंय, किंवा एकाच संगणकावर तीन ऑपरेटर आपापल्या लॉगिननं काम करतात, तर बदल विंडोजच्या मुळाशीच करून ठेवावा. गिटहब या सॉफ्टवेअर ठेवण्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळणारं शार्पकीज हे काम करतं. ते स्वतः पाठीमागं चालत नाही. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या मूळ वहीत, एक नोंद लिहून मोकळं होतं. नंतर ते काढून टाकलं तरी बदल राहतो. ॲडमिनचा अधिकार मात्र लागतो, आणि बदल त्या संगणकावरच्या सगळ्या लॉगिनना लागू होतो.

‘ॲड’ दाबा. डावीकडची यादी मूळ बटणाची, उजवीकडची नव्या कामाची. उजव्या यादीत पहिलंच ‘टर्न की ऑफ’ आहे. नाव सापडत नसेल तर ‘टाइप की’ दाबून बटण दाबा. ‘ओके’, मग ‘राइट टू रजिस्ट्री’, मग रीस्टार्ट. रीस्टार्टच, शट डाउन नाही. फास्ट स्टार्टअप चालू असलेल्या मशीनवर शट डाउन केलं तरी विंडोजचा गाभा झोपवून ठेवला जातो आणि सकाळी तोच उठतो. नवी नोंद वाचलीच जात नाही. ‘दोनदा बंद करून चालू केलं, काही फरक नाही’ याचं कारण हे.

यादीतल्या नावांपुढचे आकडे नीट बघा, कारण सारख्या नावाची दोन बटणं असतात. वेगळं इन्सर्ट बटण म्हणजे ई०_५२, आणि आकड्यांच्या पॅडवरचा शून्य म्हणजे ००_५२. पहिलं बंद केलं आणि नम लॉक बंद पडलं, तर पॅडवरचा शून्य इन्सर्टचा उद्योग करतच राहतो. त्यामुळं वरच्या दिवाणजींचा खरा इलाज इन्सर्ट मारणं नाही, नम लॉक कायम चालू ठेवणं.

त्याचा क्रम चुकवू नका. नम लॉक बटण आधी मुकं केलं आणि मशीन नम लॉक बंद अवस्थेत सुरू झालं, तर ते चालू करायला बटणच राहत नाही. म्हणून आधी रजिस्ट्री एडिटरमध्ये ‘एचकेईवाय युजर्स’, ‘डॉट डिफॉल्ट’, ‘कंट्रोल पॅनेल’, ‘कीबोर्ड’ इथं जा. ‘इनिशियल कीबोर्ड इंडिकेटर्स’ ही नोंद ० असेल तर २ करा. तिथं २१४७४८३६४८ असा लांबलचक आकडा असेल तर २१४७४८३६५० करा. रीस्टार्ट करून दिवा आपोआप लागतोय याची खात्री करा, आणि मगच शार्पकीजमध्ये नम लॉक ‘टर्न की ऑफ’.

कीबोर्डवरच्या पॉवर, स्लीप आणि वेकसाठी यादीत अनुक्रमे ई०_५ई, ई०_५एफ आणि ई०_६३ आहेत. इथं बंद केलं तर कॅबिनेटचं बटण शाबूत राहतं, म्हणून पॉवर ऑप्शन्सपेक्षा हा मार्ग चांगला. काही यूएसबी कीबोर्ड मात्र ही बटणं वेगळ्या वाटेनं पाठवतात आणि शार्पकीजला दाद देत नाहीत. तिथं पॉवर ऑप्शन्सच. पॉझ बटणही बदलता येत नाही, त्याचा कोड नेहमीपेक्षा लांब असतो.

शार्पकीज उतरवून घेता येत नसेल अशा मशीनवर तीच नोंद हातानं करता येते. रजिस्ट्री एडिटर, ‘एचकेईवाय लोकल मशीन’, सिस्टम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, आणि त्यात ‘कीबोर्ड लेआउट’. इथं शेजारीच ‘कीबोर्ड लेआउट्स’ असं अनेकवचनी नाव आहे. त्यात लिहिलेलं वाया जातं, आणि डोळ्यांना फरक दिसत नाही. ‘स्कॅनकोड मॅप’ नावाची बायनरी नोंद तयार करा, इंग्रजीत, मध्ये एक स्पेस देऊन. कॅप्स लॉकचं डावं कंट्रोल करायचं तर आतले २० आकडे असे:

०० ०० ०० ०० ०० ०० ०० ०० ०२ ०० ०० ०० १डी ०० ३ए ०० ०० ०० ०० ००

पहिले आठ नेहमी शून्य. नंतरचा ०२ म्हणजे एकूण बदल अधिक एक. तीन बदल असतील तर ०४. मग प्रत्येक बदलाचे चार आकडे, आणि शेवटी चार शून्यं. चार आकड्यांत आधी नवं काम येतं (१डी, म्हणजे डावं कंट्रोल) आणि मागून जुनं बटण (३ए, म्हणजे कॅप्स लॉक). मन उलटंच लिहायला सांगतं, आणि मग कंट्रोल दाबल्यावर कॅप्सचा दिवा लागतो. ई० वाली बटणं लिहिताना ई० मागं जातो: इन्सर्ट म्हणजे ५२ ई०. अक्षरं आणि आकडे अर्थातच इंग्रजीत टाइप करायचे.

मेलेलं अक्षर कुणाच्या गळ्यात बांधायचं

शार्पकीजचा बदल भाषेच्या मांडणीच्या खालच्या थरात होतो. म्हणजे एन मेलं आणि त्याचं काम उजव्या कंट्रोलला दिलं, तर इंग्रजीत त्यातून एन येतो, इनस्क्रिप्टमध्ये ल, आणि शिफ्टसकट दाबलं तर ळ. प्रत्येक भाषेसाठी वेगळा खटाटोप नाही.

बळी कोणत्या बटणाचा द्यायचा, याला थोडा विचार लागतो. उजवं कंट्रोल, मेनूचं बटण आणि स्क्रोल लॉक हे चांगले उमेदवार. उजवं आल्ट देऊ नका. विंडोजच्या इंग्लिश इंडिया मांडणीत ₹ हे चिन्ह उजवं आल्ट आणि ४ दाबून येतं. पावत्या करणाऱ्याला ते दिवसातून शंभरदा लागतं. स्क्रोल लॉक देण्याआधीही बघून घ्या: काही जुन्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये भाषा बदलायचं काम लॉकच्या बटणांकडं सोपवलेलं असतं.

डावं शिफ्ट मेलं तर प्रश्नच नाही, कॅप्स लॉक त्याच्या डोक्यावरच आहे. डावीकडं कॅप्स लॉक, उजवीकडं ‘लेफ्ट शिफ्ट’ (००_२ए), काम झालं. शिफ्ट मेलेलं नसून अडकलेलं असेल तर आणखी एक ओळ, शिफ्टचंच ‘टर्न की ऑफ’. मराठी टाइप करणाऱ्यांनी शिफ्ट धड असतानाही हा बदल करून बघावा. करंगळीला खाली ताणावं लागत नाही. इंग्रजी कामच जास्त असेल तर कॅप्स लॉकचं कंट्रोल करणं बरं. ती काही नवी टूम नाही, १९८१ च्या मूळ आयबीएम पीसीच्या कीबोर्डवर ए च्या शेजारी कंट्रोलच होतं आणि कॅप्स लॉक खाली उजव्या कोपऱ्यात. पुढं जागा बदलल्या आणि जगाच्या करंगळ्यांना काम लागलं.

कुठं अडतं

बदल संगणकाला लागतो, कीबोर्डला नाही. लॅपटॉपचं अडकलेलं एन बंद केलं आणि बाहेरून नवा यूएसबी कीबोर्ड लावला, तर त्याच्यावरचं एनही मुकंच. नवा कीबोर्ड खराब निघाला म्हणून परत करायला जाण्याआधी जुनी नोंद पुसा.

मेलेलं अक्षर पासवर्डमध्ये असेल तर बदल करण्याआधीच आकड्यांचा पिन लावून ठेवा. अडकलातच तर लॉगिन स्क्रीनवर खाली उजवीकडं ॲक्सेसिबिलिटीचं चिन्ह असतं, त्यातून पडद्यावरचा कीबोर्ड उघडतो. शार्पकीजचा बदल लॉगिन स्क्रीनवर चालतो, पण बायोसमध्ये आणि मशीन चालू होताना येणाऱ्या बिटलॉकरच्या (डिस्कच्या कुलपाच्या) स्क्रीनवर नाही. विंडोज तेव्हा उठलेलंच नसतं.

दोन्ही साधनं एकाच बटणावर लावू नका. शार्पकीजनं कॅप्सचं कंट्रोल केलं की पॉवरटॉईजला तिथं कॅप्स दिसतच नाही, त्यामुळं पॉवरटॉईजमधली कॅप्सची ओळ निपचित पडून राहते. एका मशीनवर कशानं बदल केलाय हे कीबोर्डच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवून लिहून ठेवा. सहा महिन्यांनी मशीन बघायला येणारा माणूस दुवा देईल.

टायपिंगच्या विद्यार्थ्यांनी सरावाच्या मशीनवर असले बदल ठेवू नयेत. राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षेला केंद्रावरचा कीबोर्ड जसा असेल तसा मिळतो, आणि सवयीनं कॅप्सवर गेलेलं बोट तिथं गुण खातं.

लिनक्स आणि मॅक

उबुंटूत ‘ट्वीक्स’ बसवून कीबोर्डच्या भागात ‘ॲडिशनल लेआउट ऑप्शन्स’ उघडा. कॅप्स लॉकचे बहुतेक सगळे पर्याय तिथं तयार मिळतात. त्यापलीकडं जायचं तर ‘कीडी’ नावाचा छोटा प्रोग्रॅम. त्यात कीबोर्डचा ओळख क्रमांक देऊन एकाच कीबोर्डपुरता बदल करता येतो, जे विंडोजवर पॉवरटॉईज किंवा शार्पकीजला जमत नाही. मॅकवर सिस्टम सेटिंग्ज, कीबोर्ड, कीबोर्ड शॉर्टकट्स, मॉडिफायर कीज. वरच्या यादीत आधी कोणता कीबोर्ड ते निवडा. बाहेरच्या कीबोर्डसाठी निवड वेगळी करावी लागते.

मूळ पदावर आणायचं असेल तेव्हा

पॉवरटॉईजमध्ये त्या ओळीपुढचं कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह दाबा, किंवा कीबोर्ड मॅनेजरच बंद करा. सगळं लगेच पूर्वीसारखं. शार्पकीजमध्ये बदलाआधी ‘सेव्ह कीज’ वापरून फाइल पेनड्राइव्हवर ठेवली असेल, तर विंडोज नव्यानं टाकल्यावर तीच यादी ‘लोड कीज’नं परत आणता येते. बदल काढायचे तर ओळ पुसून पुन्हा ‘राइट टू रजिस्ट्री’ दाबायला विसरू नका. नुसती ओळ पुसली तर रजिस्ट्रीतली नोंद जागेवरच असते. आणि बटणं इतकी उलटसुलट झाली की शार्पकीज उघडून टाइपही करता येईना, तर माउसनं रजिस्ट्री एडिटर उघडा, ‘कीबोर्ड लेआउट’मधली ‘स्कॅनकोड मॅप’ ही एकच नोंद उजव्या क्लिकनं पुसा आणि रीस्टार्ट करा. शेजारच्या बाकीच्या नोंदींना हात लावायचा नाही.